डोक्याकडे उभ्या असलेल्या बाई

झोपून शिकवणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. आरोंदेकरबाई, आमच्या रुग्णालयातल्या सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही बारा जणी वह्या-पेनं सरसावून बसलो होतो. पडद्यावर काहीतरी दाखवतील, मग चहा येईल, अशी आमची अपेक्षा. बाई आल्या त्या थेट रिकाम्या कॉटवर चढल्या आणि उताण्या झोपल्या. कपाळापासून पार घोट्यांपर्यंत त्यांनी अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीची एक सरळ रेघ चिकटवून घेतली होती, युनिफॉर्मच्या साडीवरूनच.

"माजो कणो मोडलेलो आसा," छताकडे बघत त्या म्हणाल्या. "चौघीजणी या आणि माका कुशीर घ्या. रेघ खंय वाकडी झाली तर समजा मी जन्मभर खुर्चीर बसलंय."

आम्ही चौघी पुढे झालो. बाईंना कुशीवर घेतलं, मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांना दाखवला. आमची रेघ फोंडाघाटासारखी निघाली होती. बाईंनी फोटो नीट पाहिला, पुन्हा उताण्या झाल्या आणि म्हणाल्या, "मेलंय मी. दुसऱ्या चौघी या." त्या दुपारी बाई निदान वीस वेळा मेल्या, आणि एकदाही हसल्या नाहीत.

हे ट्रेनिंग का सुरू झालं ते सांगायला हवं. आम्ही वॉर्डातल्या नर्सा म्हणजे ताप, पावसाळ्यात उंदरांमुळे येणारा लेप्टो, हर्निया आणि विंचू. मग हायवे रुंद झाला, देवबागच्या पाण्यावर पॅराशूट उडायला लागले, आणि माडावरून पडणारे तर पिढ्यान्पिढ्या पडतच होते. एकाच माणसाचा हात, बरगड्या, कणा, डोकं सगळं मोडलेलं, असे पेशंट यायला लागले. मोठी ऑपरेशनं गोव्याला व्हायची. पण तिथे कॉट मिळेपर्यंत पेशंट आमच्याकडे, आणि ऑपरेशन होऊन परत आला की पुन्हा आमच्याकडेच. "माणूस अपघातात मरत नाय गो," बाई म्हणायच्या, "तो मधल्या वेळात मरता. आणि मधलो वेळ आमचो." डॉक्टरांनी सांगितलं ते करणाऱ्या आम्ही, पेशंटकडे बघायचं असतं हे आम्हाला बाईंनी शिकवलं.

बघायचं म्हणजे काय, तर ओरडणाऱ्याकडे नंतर आणि गप्प झालेल्याकडे आधी. एकदा दोन मोटारसायकलवाले एकदम आले. एकाचं हाड पायातून बाहेर आलेलं, तो आईच्या नावाने हाका मारत होता आणि आम्ही सगळ्या त्याच्याभोवती. दुसरा सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून पडला होता, मला काही नको म्हणत होता. बाई त्या दुसऱ्याच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या, छातीवर टाचलेल्या घड्याळात बघून मिनिटभर त्याचे श्वास मोजले, त्याची नखं पाहिली आणि सर्जनला बोलवायला सांगितलं. छातीत रक्त साठत होतं. तो मनुष्य आज वेंगुर्ल्याला मोबाइलचं दुकान चालवतो. ओरडणाराही वाचला, पण त्याने बाईंवर कायमचा राग धरला, मला सोडून त्या शेजाऱ्याकडे गेल्या म्हणून.

त्यांचा सगळ्यात कडक नियम होता तो कुशीवर घेण्याचा. मोडलेल्या कण्याचा पेशंट वळवायचा तर चार जणं लागतात. एक डोकं आणि मान धरतो, एक खांदा, एक कंबर, एक पाय. डोक्याकडचा हुकूम देतो आणि चौघांनी मिळून त्याला ओंडक्यासारखा अखंड वळवायचा. "डोक्याकडे जो उभो, तेचा सगळा," बाई सांगायच्या. "हुकूम तेचो आणि चूक पण तेचीच. पायाकडची चुकली तरी चूक डोक्याकडचीच, कारण तेना बघूक व्हया होता." हे वाक्य मी वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती वही अजून आहे.

पण हुकूम द्यायचा कसा? एक-दोन-तीन म्हटलं की निम्म्या जणी तीनला वळवायच्या आणि निम्म्या तीननंतर. तिसऱ्या दिवशी बाई वैतागून कॉटवर उठून बसल्या. "तुमी कधी गाऱ्हाण्याक गेलात काय नाय? थय सगळ्यांचो आवाज एका टायमाक कसो येता?"

गाऱ्हाणं आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. देवळात गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवाला साकडं घालतो, एकेक मागणं पुढे ठेवतो आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." बाईंनी तेच वॉर्डात आणलं. पेशंटची मान दोन्ही हातांत धरून त्या सुरू करायच्या, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक उजव्या कुशीर घेतंव."

"व्हय म्हाराजा."

"मान माज्या हातात आसा. खांदो धरलो."

"व्हय म्हाराजा," खांद्याकडची.

मग कंबर, मग पाय, मग नळ्या मोकळ्या, आणि शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला चौघींनी मिळून वळवायचं. चिकटपट्टीची रेघ त्या दिवशी पहिल्यांदा सरळ आली. पुढे पेशंटही सामील व्हायला लागले. बरगड्या मोडलेला मनुष्य कण्हत कण्हत स्वतःच्याच गाऱ्हाण्याला होय म्हणायचा. मालवणच्या एका फर्नांडिस काकांनी 'आमेन' म्हटलं, तर बाईंनी तेही धरून घेतलं. नातेवाइकांचा धीर वाढला, आमच्या चुका थांबल्या, सहा-सात महिन्यांत कुणाच्या पाठीला जखम झाली नाही. मोठ्या शहरातल्या कुणाला जमलं नसतं ते आमच्या बाईंनी एका देवळातल्या रिवाजाने करून दाखवलं, याचा मला इतका अभिमान होता की मी घरी जेवतानाही तेच बोलायची.

बाई दिसायला काही विशेष नव्हत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेले. घर शिरोड्याला, तिथे भाऊ आणि थोडे माड. आठवडाभर त्या क्वार्टरमध्येच असायच्या. अकरा वाजता उभ्यानेच पेज प्यायच्या आणि ज्याला कुणी नाही अशा पेशंटला आधी भरवायच्या. रोज सकाळी कण्याच्या पेशंटपाशी जाऊन म्हणायच्या, "पायाच्या बोटांनी नमस्कार कर." अंगठे हलले की त्या स्वतः हात जोडून उलट नमस्कार करायच्या. नवीन माणसाला वाटायचं बाई चेष्टा करतात. त्या पेशंटचे पाय जिवंत आहेत का ते बघत असायच्या.

आणि मला त्यांनी एकदा वाचवलं होतं. माझी नोकरी नवी होती. छातीत नळी घातलेल्या पेशंटची बाटली जमिनीवरच ठेवायची असते, छातीच्या वर गेली तर पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. चादर बदलताना मी ती उचलून कॉटवर ठेवली, आणि नेमके तेव्हाच सर्जन आत आले. त्यांचा आवाज पार बाहेरच्या व्हरांड्यात गेला. बाई मधे आल्या. "मीच ठेवायला सांगितली, सर. खाली पुसायचं होतं." सगळी बोलणी त्यांनी खाल्ली. सर्जन गेल्यावर मला म्हणाल्या, "माजी नोकरी जुनी आसा, माका काय होणा नाय." आणि मग मला तासभर जमिनीवर बसवून त्या बाटलीतले बुडबुडे मोजायला लावले. त्या दिवसापासून बाई म्हणतील ती पूर्व दिशा. नेमकं हेच मला नडलं.

बाईंचं नाव व्हायला लागलं. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. दुसऱ्या रुग्णालयांतली माणसं गाऱ्हाणं बघायला यायची आणि मोबाइलवर उतरवून घ्यायची. पाहुणे यायच्या दिवशी बाई कडक इस्त्रीची साडी नेसायला लागल्या. गाऱ्हाणंही थोडं लांबायला लागलं. त्यात वॉर्डाचं भलं, रुग्णालयाचं भलं, आलेल्या पाहुण्यांचं भलं यायला लागलं. आम्ही मागे तोंडाला रुमाल लावून हसायचो. आयुष्यभर कुणी विचारलं नाही, आता विचारतायत तर मिरवू दे बापडीला, असं मला वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

त्या दिवशीचे पाहुणे सहा होते. वॉर्डात सदू होता, तोंडवलीचा, माडावरून पडलेला. पाठीचा मणका फुटला होता, पण पाय चालू होते. गोव्याला दुसऱ्या दिवशीची कॉट मिळाली होती. सकाळी त्याने दोन्ही अंगठ्यांनी बाईंना नमस्कार केला होता. सव्वादहाला आम्ही त्याला वळवून पाठ पुसली, पुन्हा सरळ केलं आणि मी चार्टवर नोंद केली. आता दोन तास त्याला हात लावायचा नव्हता.

पाहुण्यांसाठी ठरलं होतं ते असं, की सरिता खोटी पेशंट होऊन रिकाम्या कॉटवर झोपणार. सरिता आमच्यातली सगळ्यात लहान, कंत्राटावरची, वरच्या गावातून दोन एसट्या बदलून यायची. ती झोपायच्या तयारीतच होती, तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, "खऱ्या पेशंटवर बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

बाई थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. नाही म्हणतील याची मला शंभर टक्के खात्री होती. त्या सदूकडे गेल्या. "सदू, तुका एकदा कुशीर घेव काय रे?"

"घ्या की बाई, माजी काय हरकत नाय," सदू म्हणाला. त्यालाही पाहुण्यांचं अप्रूप वाटलं होतं.

बाई डोक्याकडे, मी खांद्याकडे, आणखी एक सिस्टर कमरेकडे आणि सरिता पायाकडे. लघवीची नळी कॉटच्या दांडीला अडकलेली सरिताला दिसली, ती सोडवायला ती खाली वाकली. बाईंचं लक्ष पाहुण्यांकडे होतं, मोबाइल लागले का सगळ्यांचे ते बघत होत्या. गाऱ्हाणं सुरू झालं. खांदो धरलो. व्हय म्हाराजा. कमर धरली. व्हय म्हाराजा. पाय धरले. आणि खाली वाकलेली सरिता, हात नळीत गुंतलेले असताना, म्हणाली, "व्हय म्हाराजा."

तिने तसं का म्हटलं? लहानपणापासून देवळात उभं राहून आम्ही तेच म्हणत आलो. गाऱ्हाण्यात कुणी 'नाय म्हाराजा' म्हटलेलं आमच्यापैकी एकीनेही कधी ऐकलं नव्हतं. मागणं कानावर पडायच्या आधी होकार तोंडातून बाहेर पडतो. बाईंच्या पद्धतीतली ही खोट इतक्या महिन्यांत कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही.

शेवटच्या होकाराला आम्ही वळवलं. धड आलं, पाय मागेच राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर सदू हळूच म्हणाला, "बाई, माजे पाय खंय गेले?"

दुपारीच त्याला गोव्याला हलवलं. संध्याकाळी पाचला बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. चार्टच्या पानावर पाणी सांडलं होतं, शाई पसरली होती. "ह्या पान परत उतरय गो," त्या म्हणाल्या, "मी सांगतंय तसा लिही." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सव्वादहाची ओळ आली नाही. मी पेन थांबवून विचारलं, "बाई, सव्वादहाचा?"

"ता मागसून घालूया. तू फुडे लिही."

मी पुढे लिहिलं. 'अकरा वाजता, पाठीची निगा राखण्यासाठी कुशीवर घेतले.' खाली माझी सही. मी भोळी नव्हते, मला काहीतरी खुपलं होतं. पण जिने माझ्यासाठी सर्जनची बोलणी खाल्ली ती बाई माझ्या हातून वाकडं काही लिहून घेईल, हे माझ्या डोक्यात शिरेना.

चौकशीला वरून तीन माणसं आली. बाई ऑफिसात गेल्या की शुद्ध मराठी बोलायच्या. "पेशंटला वळवण्याची वेळ झालीच होती," त्या म्हणाल्या. "पाहुणे त्या वेळी हजर होते इतकंच. पायाकडच्या सिस्टरने होकार दिला होता. सर्वांचा होकार मिळाल्याशिवाय मी हुकूम देत नाही." होकाराचं प्रत्येक अक्षर खरं होतं. सरिता मान खाली घालून उभी होती, तिने होय म्हटलं होतं हे तिलाही नाकारता येईना.

मी सांगितलं, सव्वादहालाच त्याला वळवलं होतं, अकराला गरज नव्हती. त्यांनी चार्ट माझ्यासमोर सरकवला. अक्षर कुणाचं? माझं. सही? माझी. मग सव्वादहाची नोंद कुठाय? मी बाईंकडे पाहिलं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, हे पान बाईंनी सांगून लिहून घेतलंय. तेव्हा त्या तिघांतला एक जण हसला आणि म्हणाला, "सांगतील ते लिहायला तुम्ही काय शाळेत आहात?"

सरिताचं कंत्राट गेलं. पत्रात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. सदूचे पाय परत आले नाहीत. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की असा मणका कशानेही सरकू शकतो, अगदी ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा. त्या क्षणीच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. खरंही असेल. मला तेवढ्याने बरं वाटत नाही. मी तोंडवलीला त्याच्या घरी गेले, तर अंगणात खुर्चीवर बसलेला सदू मलाच समजावायला लागला. "बाईंका काय बोला नकात. तेनी माका आपल्या हातान पेज भरयली."

तिथून परत येताना मला बाईंचा इतका राग आला की रस्त्याला लागून मी एकटीच मोठमोठ्याने भांडत होते. एवढं सगळं शिकवलंत, तुमच्या एका शब्दावर आम्ही माणसांचे कणे धरले, आणि वेळ आली तेव्हा सगळ्यात लहान पोरीला पुढे ढकललंत, तेही माझ्या अक्षरात. वाईट शिक्षिका असत्या तर मी कधीच विसरले असते. सदूसारखा पेशंट आला की अजून माझे हात बाईंनी शिकवल्याप्रमाणेच चालतात, आणि प्रत्येक वेळी मला चीड येते.

बाई वर्षभरात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला मी गेले नाही. मग नर्सांची नवी भरती निघाली. सरिताने अर्ज केला आणि त्या एका शब्दासाठी तो परत आला. मी जे घडलं ते दोन पानांत लिहून काढलं. पण माझ्या एकटीच्या कागदाला काय किंमत, अक्षर तर दोन्हीकडे माझंच. खाली बाईंची सही असती तर सरिताचं नाव सुटलं असतं. रविवारी मी स्कूटर काढली आणि शिरोड्याला गेले.

बाई पडवीत नारळ सोलत होत्या. मला बघून खऱ्याच खूश झाल्या. कोकम सरबत दिलं, सर्जन कसे आहेत विचारलं, वॉर्डातल्या पंख्याचा आवाज बंद झाला का विचारलं. सरिताचं नाव त्यांनी काढलं नाही. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली, आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हय धा लिवलंस. धा नाय, सव्वा धा."

मी घाईत 'दहा वाजता' लिहून गेले होते. म्हणजे त्यांच्या डोक्यात ती वेळ मिनिटाला धरून होती.

"मगे सही करा, बाई."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "माजी सगळी नोकरी त्या एका सकाळीर जावची काय गो? चाळीस वर्सां लोकांक उचलल्यानी ह्या हातांनी. मी गेल्यार लोकांनी माका काय म्हणून आठवचा?"

"आणि सरितान काय करूचा?"

"ती तरणी आसा. तिका खंय तरी नोकरी मेळात." बाई पुन्हा नारळाकडे वळल्या. "तू दी तुजो कागद. मी तुका अडवणंय नाय."

मी कागद घेऊन उठले. अंगणात स्कूटर चालू केली तशा बाई मागोमाग फाटकापर्यंत आल्या. "हेल्मेटचो पट्टो लाव. नुसता डोक्यार ठेवन काय उपयोग?" मी लावला. तरी त्यांचं समाधान झालं नाही. नारळाच्या पाण्याने ओले झालेले हात पदराला पुसून त्यांनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घातली, पट्टा थोडा ओढून बसवला आणि मान मोकळी राहते का ते बघितलं. त्यांच्या हातात माझं डोकं होतं तेवढा वेळ मी जराही हलले नाही. मग त्यांनी हात काढले, मी निघाले, आणि सोमवारी सकाळी 'दहा'चं 'सव्वादहा' करून तो कागद फक्त माझ्या सहीनिशी ऑफिसात दिला.